दीड हात उंचीचा चमत्कार

त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र लहानसं होतं, अक्षर एका वयस्कर बाईचं, ओळी सरळ. "तुमच्या भाचीचे कपडे मशीनमध्ये टाकले की पाणी थांबून राहायचं आणि महाराजांनी ते मोकळं केलं, असं ऐकलं. तुम्ही तेव्हा तिथे होता, असं तुमच्या भाचीच्या शेजारणीने सांगितलं, पत्ताही तिनेच दिला. महाराज पुढच्या महिन्यात आमच्याकडे येणार आहेत. खरं काय ते कळवावे. आमच्याकडेही एक सून आहे."

शेवटचं वाक्य मी पुन्हा वाचलं नाही. पहिल्यांदाच पुरेसं कळलं होतं.

चमत्कार त्या बाईपर्यंत पोचला होता. त्यानंतर जे झालं ते मात्र भाचीच्या जिन्यातच राहिलं होतं. उत्तर लिहायला मी बऱ्याचदा बसलो. माझा जन्म वाचनालयात गेला. पुस्तकांच्या पाठीवर आकडे चिकटवणं एवढंच मला नीट जमतं. पेन उघडलं की 'विज्ञान म्हणजे' अशी सुरुवात होते आणि पुढे मलाच जांभई येते. शिवाय मी कोण सांगणारा? मला साधा फ्यूज बदलता येत नाही. म्हणून आधी घडलं ते जसंच्या तसं लिहून काढतो. त्यातून उत्तर निघालं तर निघालं.

मी पोचलो तेव्हा जिन्यात चपलांचा खच पडला होता. इमारतीतली बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं भाचीच्या घरात शिरली होती. बैठकीच्या खोलीतून बाथरूमबाहेरच्या बोळापर्यंत माणसाला माणूस लागलेलं. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला, बोळाच्या टोकाला असलेल्या वॉशिंग मशीनकडे. मशीनच्या गोल काचेआड अर्ध्यापर्यंत गढूळ पाणी उभं होतं आणि त्यात भाचीचा पिवळा ड्रेस तरंगत होता. दार लॉक झालेलं. वरचा लाल दिवा लुकलुकत होता.

"अगंबाई, हात बघ कसा वर केलाय!" एक शेजारीण म्हणाली.

"बाही आहे ती," तिचा नवरा म्हणाला.

"बाहीच तर! डाग हातावरच आहे ना तिच्या!"

डाग होता हे खरं. वर्षभरापूर्वी भाचीच्या उजव्या हातावर पांढरा ठिपका उठला आणि पसरत गेला. तेव्हापासून त्या घरात तिचं ताट वेगळं झालं, टॉवेल वेगळा झाला. कपडे सगळ्यांच्या शेवटी, एकटे. तिची चार वर्षांची लेक आजीजवळ निजायला लागली. डॉक्टरांना विचारावं असं कोणाला वाटलं नाही. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं.

मग कधीतरी मशीन अडायला लागलं. सासूबाईंचे, सासऱ्यांचे, नवऱ्याचे कपडे सकाळी बिनबोभाट धुऊन निघायचे. शेवटी भाचीचे कपडे पडले की पाणी जागचं हलायचं नाही. नवरा ऑफिसात हिशेब तपासणारा, डोक्याने तल्लख समजला जाणारा. त्याने विचार करून सांगितलं, "मशीन बिघडलं असतं तर आपलेही कपडे अडले असते ना? अडतात का? नाही. म्हणजे मशीन चांगलं आहे." इतकं सरळ गणित मांडल्यावर दुरुस्तीवाल्याला कोण बोलावणार? पाणीवाल्या महाराजांना बोलावलं. ते आले, मंत्र म्हणाले, पाणी गेलं. पुन्हा अडलं, पुन्हा आले, पुन्हा गेलं. आजची तिसरी खेप. आणि आज मलाही बोलावून घेतलं होतं, कारण भाचीला आई-बाप नाहीत. माहेर म्हणायचं तर एक मामा, तो मी.

महाराज जेवणाच्या टेबलाची खुर्ची घेऊन मशीनसमोर बसले होते. अंगावर पायघोळ पांढरी कफनी, इस्त्रीची. शेजारी दणकट चेला धुपाटणं घेऊन उभा.

"जल म्हणजे काय?" महाराजांनी विचारलं. "जल म्हणजे साक्षीदार! माणूस कोर्टात खोटं बोलेल. पाण्यात बोलून दाखवा!"

"बुडबुडे येतील," मागून एक म्हातारा पुटपुटला. बायकोने त्याला चिमटा काढला.

"परदेशात यंत्रं लावून सिद्ध केलंय. पाण्याला स्मरणशक्ती असते! पाणी माणूस ओळखतं!"

पाण्याला आठवण असेल तर ते आजवर कुठल्या कुठल्या गटारातून आलंय तेही त्याला आठवत असेल, असं मी मनात म्हटलं. मोठ्याने बोलायचं मला नेहमी दुसऱ्या दिवशी सुचतं.

"पोरीला पुढे आणा."

भाची पुढे आली. नवऱ्याने तिला आणलं नाही, फक्त वाट करून दिली.

"बाही वर कर."

तिने केली. महाराजांनी खिशातून टॉर्च काढला आणि भरदिवसा तिच्या हातावर उजेड पाडला. "मागच्या खेपेला केवढा होता?"

"नाण्याएवढा!" गर्दीतून आवाज आला.

"आणि आता?"

"बशीएवढा!"

मोजदाद करायला सगळे इतके उत्साहाने पुढे झुकले की एकीचा चष्मा पडला. भाचीची लेक आईकडे धावायला निघाली, आजीने तिचं मनगट पकडलं. "हात लावशील आईला तर तुलाही उठेल." पोर थांबली. आपलाच तळवा उलटसुलट करून बघत राहिली. त्या घरात मी पाहिलेलं सगळ्यांत वाईट ते हेच.

"पाण्याची क्षमा माग," महाराज म्हणाले.

"चुकलं," भाची म्हणाली.

"काय चुकलं ते पाण्याला सांग."

"त्याला माहीत असेल ना. साक्षीदार आहे ते."

"जिभेला काही हाड?" सासूबाई ओरडल्या. नवरा म्हणाला, "आता तरी गप्प बस." महाराज मात्र हसले. "बोलू द्या. तिच्या तोंडून दोष बोलतोय."

मग मंत्र सुरू झाला. चेल्याने मशीनभोवती धूप फिरवला. इतका धूर की सगळे डोळे चोळायला लागले आणि माना वर करून खोकायला लागले. मी मान वर करत नाही. चारचौघांत मला कोणाच्या डोळ्यांत बघवत नाही, म्हणून मी आयुष्यभर फरश्या बघत आलो आहे. त्या दिवशीही फरशीच बघत होतो. धूर खाली पोचत नाही. मशीनच्या मागे भिंतीला अडकवलेली करडी नळी मला हलताना दिसली. एका दणकट हाताने ती अलगद उतरवली आणि तिचं तोंड खालच्या जाळीपाशी ठेवलं.

"गेलं! गेलं! पाणी उतरलं!" बोळात एकच गलका. काचेआडचं पाणी खरंच खाली चाललं होतं. जाळीतून मावेना तेवढं फरशीवर पसरलं आणि महाराजांच्या कफनीचा काठ घोट्यापर्यंत काळा झाला. गलक्यातच तो हात पुन्हा आला आणि नळी वर गेली.

महाराज उठून उभे राहिले. "तीनदा साक्ष झाली. हा दोष आता लेकराला शोधतोय. दिवस मावळायच्या आत ही बाई उंबऱ्याबाहेर हवी. लेकरू इथेच राहील."

"मामा आलेतच," सासूबाई म्हणाल्या. "चहा घेऊन निघा दोघं."

नवऱ्याने माझ्याकडे बघून मान हलवली, एखादी फाइल पुढच्या टेबलावर सरकवावी तशी. लेकीला आतल्या खोलीत नेऊन बाहेरून कडी घातली. ती आत आधी हाका मारत होती, मग नुसती दारावर थापट्या मारत होती. बाहेर कोणीतरी म्हणालं, "रडू दे, सवय होईल."

स्वयंपाकघरात भाची चहा गाळत होती. एक थेंबही बाहेर सांडत नव्हता. त्याची मला जास्त भीती वाटली.

"मामा, तुमच्याकडे जागा आहे?"

"एक कपाट रिकामं केलंय. म्हणजे कपाटात नाही, कपाटाच्या जागेवर..."

"कळलं."

"एक सांगू का? माझी चूकही असेल. मला कमी दिसतं."

"बोला मामा, चहा थंड होतोय."

"ती नळी. आधी भिंतीवर होती. मग त्या चेल्याने खाली ठेवली. तेव्हा पाणी गेलं. मग त्याने ती परत वर टांगली. असं मला वाटलं."

ती गाळणं तसंच हातात धरून उभी राहिली. माझं बोलणं बावळट वाटलं असेल म्हणून मी लगेच म्हणालो, "जाऊ दे, नळीचं काय एवढं."

"मामा, थांबा," ती म्हणाली. "आमच्याकडे पाणी वाया घालवत नाहीत. कपड्यांचं पाणी फरशी पुसायला आणि संडासात टाकायला ठेवतात. मशीन पाणी सोडायला लागलं की आई स्टूल घेऊन बसतात, नळी भिंतीवरून काढतात आणि खालच्या बुटक्या टबात सोडतात. टब भरला की नळी वर, उपसला की नळी खाली. रोज. फक्त माझ्या कपड्यांचं पाणी ठेवत नाहीत. विटाळाचं ना ते! माझे कपडे पडले की नळी वरच्या पाइपात खोचून आई निघून जातात."

"म्हणजे?"

"म्हणजे पाणी वर चढवायचा पंप कधीचाच मेलाय. त्यांचं पाणी उतारानं जातं. माझ्या पाण्याला तेवढं चढायला सांगतात." ती हसली. ते हसू मला तिच्या आईच्या, माझ्या बहिणीच्या, चेहऱ्यावर कधी दिसलं नव्हतं. "यांना माझी शिसारी आली नसती तर कोणाला काही कळलंही नसतं."

"मग बाहेर जाऊन सांगू या," मी म्हणालो.

"सांगून कोण ऐकतंय? मी सांगितलं तर दोष बोलतोय आणि तुम्ही सांगितलंत तर..." ती थांबली. पुढचं मलाच माहीत होतं.

ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेली. महाराजांसमोर वाकली. "महाराज, जायच्या आधी एकच मागणं. माझ्या पाण्याने तुमची कफनी मळली. ती धुऊन देऊ द्या. तेवढी सेवा घडली तर सुखाने जाईन."

महाराजांनी कफनी आवरून घेतली. "नको नको. साधूला कसला आलाय मळ?"

"असं कसं महाराज!" गर्दी हळहळली. "काठ बघा केवढा भिजलाय!"

"तू हात लावू नकोस," सासूबाई पुढे झाल्या. "मी धुते. माझं भाग्य!"

"आमची गाडी आहे, पुढचा कार्यक्रम आहे..."

"आई मशीनवर छोटा प्रोग्राम लावतील, महाराज," भाची म्हणाली. "आणि तुमचं पाणी थोडंच अडणार आहे?"

सगळे हसले. महाराजांनाही हसावं लागलं. इतक्या लोकांसमोर नाही म्हणायला त्यांच्याकडे मंत्र नव्हता. ते बाथरूममध्ये गेले आणि सासऱ्यांची बंडी घालून आणि चौकड्यांचा टॉवेल गुंडाळून बाहेर आले. कफनी उतरल्यावर माणूस बराच आखूड झाला होता. कोणी तसं म्हटलं नाही, पण हात जोडणाऱ्यांपैकी दोघांनी ते सोडले.

सासूबाईंनी ड्रममधून पिवळा ड्रेस चिमट्याने उचलून कोपऱ्यात फेकला, कफनी एकटीच आत घातली, साबण टाकला, बटण दाबलं.

"पाणी टबात घेणार का?" भाचीने विचारलं.

"महाराजांच्या कफनीचं पाणी? संडासात टाकायला?" सासूबाई कडाडल्या. "तुझ्या आईने काही शिकवलं नाही, मला शिकवू नकोस!" आणि त्यांनी स्वतःच्या हाताने नळी वरच्या पाइपात घट्ट खोचली.

तेवढं झाल्यावर भाचीने सासूबाईंचंच स्टूल ओढलं आणि मशीनच्या मागच्या बाजूला, नळीला खेटून बसली.

कफनी फिरली. गर्दी चहा पिऊ लागली. महाराजांना मात्र चहा उतरेना. शेवटी ड्रम थांबला आणि पाणी सोडायची वेळ आली. मशीन गुरगुरलं. पुन्हा गुरगुरलं. मग गप्प झालं आणि लाल दिवा लुकलुकायला लागला. काचेआड पाणी उभं होतं आणि त्यात महाराजांची कफनी फुगून तरंगत होती.

मागचा म्हातारा म्हणाला, "बाही वर केलीय बघा."

चेला धुपाटणं उचलून पुढे सरसावला.

"तुम्ही बसा," भाची जागची न हलता म्हणाली. "धूप मी धरते. महाराज, मंत्र म्हणा ना."

महाराजांनी मंत्र म्हटला. मग मोठ्याने म्हटला. मग डोळे मिटून म्हटला. पाण्यावर साधा तरंग आला नाही.

"या वास्तूतच दोष आहे," ते म्हणाले.

"मघाशी तो माझ्यात होता." ती उठली. "टॉर्च द्या तुमचा. बंडी वर करा जरा. सगळ्यांना बघू द्या, कुठे डाग आहे का. पाणी माणूस ओळखतं ना? साक्ष चाललीय, लाजू नका!"

महाराजांनी टॉवेल दोन्ही हातांनी धरला. आणि गर्दी, तीच गर्दी, तितक्याच उत्साहाने पुढे झुकली. मला त्या माणसाची दया आली नाही. यायला हवी होती का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"अहो," भाची नवऱ्याकडे वळली, "तुमचं गणित सांगा ना. मशीन बिघडलेलं नाही. मग महाराज बिघडलेत?"

नवऱ्याने तोंडातली दात कोरायची काडी या गालातून त्या गालात नेली. त्याला ती सवय होती. प्रत्येक खिशात त्याच्या काड्या असायच्या.

भाचीने नळी भिंतीवरून काढली आणि टबात सोडली. पाणी भळभळ वाहू लागलं. काचेआडची पातळी उतरली. तिने नळी वर धरली, पाणी थांबलं. खाली धरली, वाहिलं. वर, थांबलं. खाली, वाहिलं. सासूबाईंच्या तोंडासमोर तिने हे इतक्या वेळा केलं की शेवटी सासरे म्हणाले, "पुरे गं, कळलं."

"कळू द्या नीट," ती म्हणाली. "ही नळी आणि ही भिंत. दीड हात. एवढीच यांची सिद्धी. पाण्याला मी कळत नाही, हे कळत नाहीत, त्याला फक्त वर आणि खाली कळतं."

पाणी गेल्यावर तिने दार उघडून कफनी चेल्याच्या अंगावर टाकली. प्लग काढला. मशीन पुसायचं काम तिचंच, त्यामुळे खालच्या कोपऱ्यातलं छोटं झाकण तिला माहीत होतं. ते उघडून तिने फिल्टर फिरवून बाहेर ओढला, उरलेलं पाणी जुन्या फडक्यात टिपलं आणि आत दोन बोटं घालून चाचपलं. पंपाची पाती फिरत नव्हती. तिने काहीतरी ओढून काढलं आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं. दात कोरायच्या दोन काड्या, फुगून काळ्या पडलेल्या, एकमेकींत अडकलेल्या.

"घ्या. दोष."

त्याने तोंडातली काडी काढली आणि कुठे ठेवावी ते न कळून खिशात घातली. पुन्हा खिशातच.

महाराजांना लोकांनी मारलं नाही, पण सोडलंही नाही. मघाशी पाया पडलेल्या बायका "ओल्या कफनीचं तीर्थ द्या की" म्हणून जिनाभर मागे गेल्या. कोणी टॉवेल ओढला. पोरांनी फोनवर फोटो काढले. "आम्हाला पहिल्यापासून संशय होता," असं मी त्या जिन्यात इतक्या तोंडून ऐकलं की तो संशय एवढे दिवस कुठे राहायला होता, हे विचारावंसं वाटलं.

घर रिकामं झालं. भाचीने आतल्या खोलीची कडी काढली. लेक बाहेर आली, पण आईपासून दोन पावलांवर थांबली आणि आजीकडे बघू लागली. परवानगीसाठी.

सासूबाईंनी ती नजर चुकवली. "मशीनचं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण डाग तर खोटा नाही ना?"

भाचीने कोपऱ्यातून पिवळा ड्रेस उचलला. तारेवरून सासूबाईंचे कपडे काढले, सासऱ्यांची उरलेली बंडी, नवऱ्याचे शर्ट (खिसे उलटे करून), लेकीचा फ्रॉक, सगळं एकत्र ड्रममध्ये कोंबलं, फिल्टर परत बसवून झाकण लावलं, प्लग जोडला आणि बटण दाबलं. नळी भिंतीवरच राहू दिली.

"आता करा वेगळे," ती म्हणाली. "कुठलं पाणी कुणाचं ते शोधा. आणि मला बाहेर काढायचं असेल तर मामा घरी गेल्यावर काढा. मी त्यांच्याकडे जाणार नाही, त्यांच्याकडे पुस्तकं फार आहेत. मी चौकात जाईन, लेकीला घेऊन, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ही नळी दाखवीन."

कपडे एकमेकांत गुंतून फिरत होते. पोर काचेपाशी गेली, आजीचा हिरवा आणि आईचा पिवळा रंग बघत बसली. पाणी सोडायची वेळ आली, पंप सुरू झाला आणि पाणी दीड हात चढून निघून गेलं. मग तिने आईचा हात धरला. उजवा. आजीने डोळे मिटून घेतले, पण तिचं मनगट पकडलं नाही.

भाची त्याच घरात आहे. लेक तिच्याजवळ निजते. सासूबाई आपले कपडे हल्ली बाथरूममध्ये हाताने धुतात, मनगटं दुखतात तरी. "धुऊ दे," भाची म्हणते. "व्यायाम होतो."

एवढं लिहून झाल्यावर त्या बाईला लिहायचं फारसं उरलं नाही. काल संध्याकाळी कागद घेतला.

"बाई, पाणी थांबलं होतं हे खरं. पंपात काडी अडकली होती म्हणून थांबलं होतं. महाराजांनी ते सोडवलं नाही. त्यांच्या माणसाने धुराआड नळी खाली केली, म्हणून गेलं. पाणी उताराकडे जातं, त्याला दुसरं काही येत नाही.

"तुमच्याकडे पाणी अडलं तर आधी प्लग काढा. नळी कुठे मुरगळली आहे का पाहा. मग नळी खाली टबात धरून पाणी काढा. मशीनच्या खालच्या कोपऱ्यातलं छोटं झाकण उघडा, खाली फडकं ठेवा, फिल्टर काढून धुवा, आत काही अडकलं असेल तर काढा. तरीही पाणी गेलं नाही तर दुरुस्तीवाल्याला बोलवा. महाराजांना बोलवू नका, आणि सुनेलाही त्या मशीनसमोर उभी करू नका. मशीन अडायला कारण असतं आणि ते मशीनमध्येच असतं. सुनेच्या अंगावर पांढरा डाग असेल, तर तो शिवल्याने लागत नाही. मी डॉक्टरांना विचारून लिहितो आहे. तुम्हीही विचारा, ते लपवून ठेवत नाहीत.

"हे वाचूनही तिला घालवायचीच असेल तर तुम्ही घालवा. पण ती तुम्हाला नको आहे, असं तिच्या तोंडावर सांगून घालवा. पाण्याच्या नावावर नको."

पत्र कडक झालं असं वाटलं. माझ्यासारख्याने एका अनोळखी बाईला असं लिहावं का? मऊ करायला पुन्हा हातात घेतलं, एकही शब्द बदलला नाही, तिकीट लावलं आणि चालत जाऊन पेटीत टाकलं.